एका विद्यार्थी-वार्ताहराची चिकित्सा

गुरुजनांच्या विद्वत्तेविषयीं शंका काढणें आपल्या घरांतून फारसें बरें मानीत नाहींत. त्यांतून शंका काढणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, आणि ज्यांच्याविषयीं ती काढावयाची ते साक्षात् विद्यापीठाचे अध्यक्ष, मग तर बोलावयासच नको! अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०२२ सालीं असा प्रसंग घडला. थिओ बेकर हा विद्यार्थी त्या वर्षीं तेथें दाखल झाला व लौकरच 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांत लिहूं लागला. २९ नोव्हेंबर रोजीं त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. अध्यक्ष मार्क टेसिए-लाव्हीन हे नामांकित मज्जातंतुशास्त्रज्ञ. त्यांच्या शास्त्रीय लेखांतील चित्रांविषयीं त्यांत प्रश्न विचारले होते.

चित्रांचें एवढें काय, असें वाचकांस वाटेल. पेशींतील प्रथिनें विजेच्या साह्यानें वेगळीं केलीं असतां छायाचित्रांत त्यांच्या काळसर पट्ट्या उमटतात, व पट्टीच्या गडदपणावरून कोणतें प्रथिन किती आहे हें ठरवितात. तीच पट्टी उचलून दुसऱ्या जागीं बसविली तर न घडलेला प्रयोग घडल्यासारखा दिसतो. आणि अशा लेखांवर भरंवसा ठेवून होतकरू संशोधक आपल्या उमेदीचीं वर्षें खर्चीत असतात. या जोड्या हुडकणें म्हणजे तांदुळांतले खडे वेंचण्याइतकेंच डोळे शिणविणारें काम. एलिझाबेथ बिक या डच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ विदुषींनीं त्यांत नांव मिळविलें असून या प्रकरणींहि त्यांनीं चित्रें पारखलीं होतीं.

शंका नवी नव्हती. 'पबपिअर' या चिकित्सेच्या व्यासपीठावर ती २०१५ पूर्वींपासून नाहीं, तरी त्या सालापासून खास घेतली जात होती. त्याच वर्षीं टेसिए-लाव्हीन यांनीं 'सायन्स' या प्रख्यात पत्रिकेकडे दोन लेखांच्या दुरुस्त्या धाडल्या. परंतु पत्रिकेच्या चुकीनें त्या छापल्याच गेल्या नाहींत, व पुढें त्यांनींहि नेट लावला नाहीं. बेकरनें या विखुरलेल्या शंका गोळा करून तज्ज्ञांपुढें मांडल्या. त्याचे आईवडील दोघेहि नामांकित पत्रकार. तेव्हां हें बाळकडू घरचेंच, असें कोणी म्हणेल. म्हणोत बापडे, आईबापांच्या कीर्तीनें मुलाचीं जागरणें कांहीं चुकत नाहींत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हें पत्र १९७३ पासून विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. १९७१ सालीं एका निदर्शनाचीं छायाचित्रें शोधण्यासाठीं पोलिसांनीं त्याच्या कचेरीची झडती घेतली. पत्रानें दावा लावला, तो १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत हरला, पण १९८० सालीं अशा झडत्यांना आळा घालणारा कायदा झाला. विद्यार्थ्यांचा पोरखेळ म्हणून हंसण्याजोगें हें पत्र नव्हे.

विद्यापीठाच्या विश्वस्तांनीं चौकशीसमिति नेमली. तींतील एका सभासदाची गुंतवणूक टेसिए-लाव्हीन हे सहसंस्थापक असलेल्या कंपनींत होती, हें 'डेली'नेंच उजेडांत आणलें, आणि तो गृहस्थ समितींतून बाजूस झाला. पुढें पांच शास्त्रज्ञांनीं बारा लेख तपासले. त्यांचा निर्णय दोन्ही पक्षांनीं नीट वाचावा असा आहे. अध्यक्षांनीं स्वतः लबाडी केल्याचें आढळलें नाहीं. २००९ सालच्या एका गाजलेल्या लेखांत बनावट माहिती असून ती दडपली गेली, हा बेकरच्या पुढील लेखांतील गंभीर आरोपहि चुकीचा दिसतो, असें त्यांनीं म्हटलें. मात्र तो लेख शास्त्रीय काटेकोरपणाच्या कसोटीस उतरत नव्हता. कांहीं लेखांत इतरांनीं फेरफार केलेली माहिती होती, आणि चुका ध्यानांत आल्यावर त्या दुरुस्त करण्यांत अध्यक्ष कमी पडले होते.

बेकरला २०२३ च्या फेब्रुवारींत पत्रकारितेचा पोल्क पुरस्कार मिळाला. इतक्या लहान वयांत तो पूर्वीं कोणास मिळाला नव्हता. १९ जुलैस टेसिए-लाव्हीन यांनीं राजीनामा जाहीर केला. ३१ ऑगस्टला अध्यक्षपद सुटलें, प्राध्यापकपद राहिलें. १९९९ चा एक व २००१ चे दोन लेख त्याच वर्षीं मागें घेण्यांत आले, आणि डिसेंबरांत २००९ चाहि.