धूर नाही, म्हणून व्यसन नाही?

शाळा-कॉलेजांत तंबाखूबद्दल बोलायला गेलं की कार्यक्रम संपल्यावर कुणाचे तरी आई-वडील हमखास बाजूला घेतात. "मॅडम, आमचा मुलगा सिगारेट नाही ओढत. मित्रांबरोबर नुसता वेप करतो. त्याची काही सवय लागत नाही ना?" मुलांशी बोलावं तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. वेप (म्हणजे ई-सिगारेट) सिगारेटपेक्षा ९५ टक्के सुरक्षित आहे, इंग्लंडच्या सरकारी संस्थेनंच सांगितलंय, आणि सोडायचा म्हटला तर उद्या सोडू. सांगणारा मुलगा हुशार असतो, आकडा त्यानं खरोखर वाचलेला असतो आणि त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा असतो. हे इतक्यांदा ऐकलंय की आता शांतपणे उत्तर देणं जड जातं.

आधी तो आकडा. पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेनं २०१५ च्या अहवालात तो दिला आणि त्यामागे होता २०१४ साली तज्ज्ञांच्या एका गटानं मांडलेला अंदाज. तो एकूण अपायाचा अंदाज होता आणि तुलना होती जळत्या सिगारेटशी. सिगारेट ओढणाऱ्यानं ती पूर्ण थांबवून वेप धरला तर हानी किती कमी होईल, एवढाच त्यातला प्रश्न. व्यसन ९५ टक्के कमी लागतं, असं त्या अहवालानं म्हटलेलं नाही. कॅन्सर किती होईल हा एक प्रश्न, तलफ किती येईल हा दुसरा. तंबाखू जळतो तेव्हा डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं तयार होतात आणि सिगारेट ओढणारा मरतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. त्याला पुन्हा पुन्हा सिगारेटकडे नेतं ते मात्र निकोटिन. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी हे १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९८८ चा अख्खा अहवाल निकोटिनच्या व्यसनावर आहे. वेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे विषारी रसायनांची यादी बरीच आखूड होते. निकोटिन आहे तिथंच राहतं.

खरं तर धुराशिवाय व्यसन लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात तरी टिकायला नको होती. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के धुराविना तंबाखू वापरणारे. सकाळी मिश्री लावल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा आज्या आपल्यातल्या अनेकांनी घरातच पाहिल्या आहेत. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावतात तोही चवीपुरता नव्हे. चुन्यानं अल्कता वाढते, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं. काडी पेटत नाही, धूर निघत नाही, आणि तरीही तो बार सुटता सुटत नाही. हे सगळं डोळ्यांसमोर असताना वेपच्या बाबतीत आपण वेगळा नियम का लावतो?

व्यसनाची पकड किती घट्ट बसणार, हे निकोटिन मेंदूपर्यंत किती लवकर आणि किती प्रमाणात पोचतं यावर ठरतं. झुरका छातीत गेला की १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, डोपामिन सुटतं, आणि झुरका घेतला की बरं वाटतं हे मेंदू पक्कं लक्षात ठेवतो. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि तलफ डोकं वर काढते. दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्टीतून तेच रसायन तासन्तास हळूहळू झिरपतं, म्हणून पट्टीची चटक लागलेला माणूस क्वचितच भेटतो. वेप छातीत ओढायचा असतो. वेगाच्या बाबतीत तो पट्टीच्या जवळचा नाही, सिगारेटच्या जवळचा आहे.

सुरुवातीचे वेप या कामात दुबळे होते. २०१० च्या सुमाराच्या अभ्यासांत काही उपकरणांमधून रक्तात निकोटिन जेमतेम पोचत असल्याचं दिसलं. 'सवय लागत नाही' हे कुणी त्या काळच्या उपकरणांबद्दल म्हटलं असतं तर मी फारसा वाद घातला नसता. पण २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचा वेप बाजारात आला आणि चित्र पालटलं. दिसायला पेनड्राइव्ह, वास आंब्याचा किंवा पुदिन्याचा. त्याआधी वेपमध्ये भरायच्या द्रवांतलं निकोटिन अल्कधर्मी असे, त्याचं प्रमाण वाढवलं की घसा जळायचा, ठसका लागायचा. जूलनं निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घालून त्याचा क्षार बनवला. घशाला लागायचं थांबलं आणि प्रमाण वाढवायला मोकळं रान मिळालं. एका मिलिलिटरमध्ये ५९ मिलिग्रॅम निकोटिन! युरोपीय संघात कायद्यानं ठरवलेली मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. जूलच्या ०.७ मिलिलिटरच्या पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या कुपीत, सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटिन मावायचं, आणि एक पॉड म्हणजे साधारण एक पाकीट सिगारेट, असं कंपनी स्वतःच सांगत असे. तंबाखूतल्या चुन्यानं निकोटिन गालातून शिरायला सोपं होतं, वेपमधल्या आम्लानं ते छातीत ओढायला सोपं होतं. रसायनं उलट टोकांची, उद्देश एकच.

पहिली सिगारेट ओढताना येणारा ठसका कित्येकांना तिथंच थांबवतो. क्षाराच्या वेपनं तो अडथळाच काढून टाकला. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुलं मागच्या ३० दिवसांत वेप केल्याचं सांगत होती. त्यानंतर नियम कडक झाले, खटले झाले, आणि हे प्रमाण बरंच उतरलं. पण निकोटिनच्या क्षाराची ती युक्ती आज वापरून फेकायच्या रंगीबेरंगी वेपमध्ये सर्रास आहे. आपल्याकडे चोरून विकले जातात त्यांतही हेच येतात.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मुलांशी बोलताना ती लगेच उघडी पडते. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके, पाचेक मिनिटं, मग हातात थोटूक उरतं. त्यासाठी खाली टपरीवर जावं लागतं, काडी लागते, तोंडाला आणि कपड्यांना वास येतो. वेप खिशात असतो. दोन लेक्चरच्या मधे बाथरूममध्ये दोन झुरके, बसमध्ये तोंडावर बाही धरून एक, रात्री पांघरुणाखाली चार. संपलं असं सांगणारं काहीच नाही. सिगारेटवाल्याला "दिवसाला किती?" असं विचारलं तर तो आकडा सांगतो, कमी करून का होईना. वेपवाला गोंधळतो. "पॉड दोन दिवस जातो, कधी कधी एकच," यापलीकडे त्याला सांगता येत नाही, कारण मोजावं असं त्यात काही नसतंच.

निकोटिनचं व्यसन किती खोल आहे हे तपासायला डॉक्टर फागरस्ट्रॉम चाचणी वापरतात. तिचा एक प्रश्न असा: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं? पाच मिनिटांच्या आत असं उत्तर आलं तर त्या प्रश्नाचे सर्वाधिक, म्हणजे ३ गुण. 'सवय नाही' म्हणणाऱ्या मुलाला हाच प्रश्न वेपबद्दल विचारून पाहा. वेप उशीखाली ठेवून झोपणाऱ्याचं उत्तर काय येणार?

आता दुसरी बाजूही नीट सांगायला हवी, नाहीतर मीही त्या ९५ वाल्यांसारखंच अर्धं सांगितल्यासारखं होईल. सरासरी पाहिली तर सिगारेटचं व्यसन वेपपेक्षा जास्त घट्ट असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात वेपमुळे व्यसन लागण्याचा धोका आणि त्याची तीव्रता सिगारेटपेक्षा कमी असल्याचा मध्यम बळाचा पुरावा नोंदवला आहे. याचं एक कारण धुरातच सापडतं. १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर सुमारे ४० टक्के कमी आढळलं. डोपामिनचा निचरा करणाऱ्यांपैकी हे एक विकर. धुरातले इतर घटक त्याला दाबतात आणि निकोटिनचा परिणाम वाढवतात. वेपमध्ये धूर नाही, त्यामुळे ही जोड नसते.

पण त्याच आढाव्यातली आणखी दोन वाक्यं कुणी फॉरवर्ड करत नाही. वेपमुळे व्यसनाची लक्षणं निर्माण होतात याचा भक्कम पुरावा आहे, असं एक. आणि निकोटिनचं प्रमाण, फ्लेवर, उपकरणाचा प्रकार यांनुसार व्यसनाचा धोका बदलतो, असं दुसरं. म्हणजे सगळ्या वेपना मिळून एक उत्तर नाही. जुन्या कमजोर उपकरणांची सरासरी दाखवून मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमवाल्या पॉडला अभय देणं ही फसवणूक आहे. शिवाय ही तुलना कुणासाठी? चाळीस वर्षांच्या, रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसाला सिगारेटशी तुलना उपयोगी पडते. ज्या सोळा वर्षांच्या मुलीनं सिगारेटला कधी हात लावलेला नाही, तिची तुलना निकोटिनविरहित आयुष्याशीच करायला हवी.

"उद्या सोडू" याचा निकाल तर प्रयोगांनीच लावला आहे. २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८८६ प्रौढांना वेप किंवा पट्टी, गम यांसारखे पर्याय दिले. वर्षभरानं वेप गटातल्या १८ टक्क्यांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांची. वेपच्या बाजूनं हा चांगला पुरावा आहे. पण वेपच्या मदतीनं सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते, तर दुसऱ्या गटात आपला पर्याय वापरत राहिलेले ९ टक्के. सिगारेट गेली, निकोटिन राहिलं. २०२५ मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेली चाचणी तर थेट १६ ते २५ वयाच्या वेप करणाऱ्यांवर होती. सोडायची इच्छा असलेल्या या तरुणांना समुपदेशन आणि फोनवर संदेशांची मदत मिळत होती. त्यांपैकी ज्यांना नुसती बनावट गोळी दिली, त्यांतले सुमारे १४ टक्के बारा आठवड्यांच्या शेवटी वेपपासून दूर होते. व्हॅरेनिक्लिन हे औषध मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ५१ टक्के होतं. मनात आणलं की सुटतं, असं असतं तर औषधानं एवढा फरक पडलाच नसता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ती पाण्याची वाफ नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि निकोटिन यांचे ते सूक्ष्म थेंब असतात. पाकिटावर निकोटिन शून्य लिहिलंय म्हणून ते नसेलच असं नाही: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००९ मध्ये तपासलेल्या 'निकोटिन नाही' अशा काडतुसांत, एक वगळता, निकोटिन सापडलं होतं. निकोटिनमुळे कॅन्सर होतो असं काही पालक मुलांना घाबरवायला सांगतात, तेही चूक. सिगारेटमधला कॅन्सर मुख्यतः धुरातल्या इतर रसायनांचा, आणि मुलांनी हे शोधून काढलं की पालकांच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन ६८ माणसं दगावली, ती प्रामुख्यानं गांजातल्या टीएचसीच्या बेकायदा काडतुसांमुळे, त्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे. काळ्या बाजारातला माल घेणाऱ्यानं तेवढं ध्यानात ठेवावं.

"भारतात बंदी आहे, म्हणजे आपल्याला चिंता नाही," हेही खूप ऐकू येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे, आणि विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. माल मात्र मिळतो, आणि बंदी असल्यानं त्यातल्या निकोटिनवर कुणाची मर्यादा नाही, तपासणी नाही. म्हणून युरोपातल्या २० मिलिग्रॅमच्या वेपवरचे निष्कर्ष इथल्या मुलाच्या खिशातल्या वेपला तसेच लावू नका.

घरात वेप करणारं मूल असेल तर झडती घेण्याआधी त्याला सकाळच्या पहिल्या झुरक्याचा प्रश्न विचारा. सोडायला लागल्यावर पहिले काही दिवस ते चिडचिड करेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, झोप बिघडेल. हे दोन ते चार आठवड्यांत ओसरतं, तेवढा काळ त्याला सांभाळून घ्या. औषधाची गरज आहे का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या केंद्रामुळे समुपदेशकाशी मराठीतही बोलता येतं. फोन लावा आणि वेपबद्दल विचारायचंय असं सरळ सांगा.