न हलता वळणारा अँटेना

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी एक जुना ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळच्या बातम्यांची वेळ झाली की बाबा तो ओट्यावर आणून ठेवत आणि हळूहळू फिरवत. कधी तोंड मारुतीच्या देवळाकडे, कधी विहिरीकडे. एका विशिष्ट जागी खरखर कमी होई आणि निवेदकाचा आवाज स्वच्छ येई. "आता याला कोणी हात लावू नका," अशी ताकीद मिळे. दिवसा हा त्रास फारसा नसे, कारण मध्यम लहरींची दूरची केंद्रे रात्रीच पोहोचतात आणि आपल्या केंद्रात मिसळतात.

बाबा नेमके काय करत होते, हे मला इंजिनिअरिंग शिकताना कळले. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक काळी कांडी असते. तोच त्याचा अँटेना. या कांडीचे टोक ज्या दिशेला रोखलेले असते, त्या दिशेचे केंद्र तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे बाबा आपले केंद्र शोधत होते त्याहून जास्त नको असलेले केंद्र कांडीच्या टोकावर आणून गप्प करत होते. आज मी ज्या अँटेनांविषयी बोलणार आहे, ते हेच काम करतात. फक्त त्यांना कोणी फिरवावे लागत नाही.

याचा यवतमाळशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आपल्या वावराचा आहे. मे-जूनमध्ये किंवा परतीच्या पावसात दुपारी ढग दाटतात, विजा कडाडतात. निंदणाला गेलेल्या बाया झाडाखाली थांबतात, आणि तिथेच धोका असतो. अशा वेळी दहा मिनिटे आधी मिळालेली खबर जीव वाचवू शकते. ही खबर देण्याचे एक मोठे साधन म्हणजे रडार.

आपल्याला जवळचे डॉप्लर रडार नागपूरचे. यवतमाळ शहर तिथून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर आणि उमरखेड सुमारे सव्वादोनशे. रडारचा झोत सरळ जातो, पण जमीन गोल आहे. झोत क्षितिजाच्या अर्धा अंश वर धरला, तर यवतमाळवर तो सुमारे दोन किलोमीटर उंचीवरून जातो आणि उमरखेडवर जवळपास पाच किलोमीटर उंचीवरून. त्याच्याखाली काय घडते आहे ते त्या रडारला दिसत नाही. ही झाली अंतराची अडचण. तिच्यावर उपाय एकच, रडार जवळ असणे.

दुसरी अडचण वेळेची. नेहमीच्या हवामान रडारमध्ये एक मोठी तबकडी असते. ती गोल फिरते, मग थोडी वर कलते, पुन्हा फिरते. असे करत सगळे आकाश तपासायला साधारण दहा मिनिटे लागतात. वळवाच्या ढगाचे सारे आयुष्य अनेकदा अर्ध्या-एका तासाचे. तबकडी परत त्याच्याकडे वळेपर्यंत ढगाने रूप पालटलेले असते.

मग तबकडी न हलवता झोत वळवता येईल का? येतो. त्यासाठी एका मोठ्या तबकडीऐवजी शेकडो छोटे अँटेना ओळीने मांडतात. अशा मांडणीला फेज्ड अ‍ॅरे म्हणतात. फेज हा शब्द आपल्याला नवा नाही. विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्या तीन तारांतला विजेचा चढउतार सारखाच असतो, फक्त प्रत्येकीचा आधीच्या तारेपेक्षा एक तृतीयांश फेरा मागे. या मागेपुढे असण्यालाच फेजमधला फरक म्हणतात.

आता एक कल्पना करा. एका लांब धुऱ्यावर दहा डफडेवाले उभे आहेत, दर दोघांत ३४ मीटर अंतर. एवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. तुम्ही धुऱ्याच्या डाव्या टोकापलीकडे उभे आहात. सगळ्यांनी एकदम थाप मारली, तर तुम्हाला दहा वेगळ्या थापा ऐकू येतील. पण सर्वात लांबच्याने आधी, मग त्याच्या अलीकडच्याने दहाव्या भागाने उशिरा, अशी क्रमाने थाप मारली, तर दहाही थापा तुमच्या कानावर एकाच क्षणी येऊन आदळतील. समोर उभ्या असलेल्याला मात्र त्या विखुरलेल्या ऐकू येतील. डफडेवाले जागचे हलले नाहीत, तरी आवाजाचा झोत डावीकडे वळला. सगळी करामत वेळेची!

रडारमध्ये हेच घडते. दहा सेंटिमीटर लांबीचा तरंग आणि पाच सेंटिमीटरवर एकेक अँटेना असेल, तर झोत तीस अंश वळवायला प्रत्येक अँटेनाला शेजाऱ्यापेक्षा पाव तरंग मागे ठेवावे लागते. हे काम इलेक्ट्रॉनिक्स डोळ्याचे पाते लवायच्या आत करते. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात २०१२ साली बसवलेले अशा जातीचे हवामान रडार संपूर्ण आकाश दहा ते तीस सेकंदांत तपासत असे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. डॉ. गोविंद स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या सहा-सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईजवळ कल्याणला ओळींत मांडल्या आणि १९६५ मध्ये सूर्याचा अभ्यास सुरू केला. अनेक छोट्यांना जोडून एक मोठा कान तयार करायचा, हा धडा तिथे गिरवला गेला. पुढे १९७० मध्ये उटीची दुर्बीण उभी राहिली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. तिच्या मध्यरेषेवर १,०५६ छोटे अँटेना आहेत, आणि तिची नजर उत्तर-दक्षिण फिरते ती केवळ फेज बदलून. त्यानंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण झाली. तिच्या तबकड्या यंत्राने फिरतात. पण पल्सार ताऱ्यांचा वेध घेताना त्यांचे संदेश अनेकदा फेज जुळवून एकत्र करतात. तिरुपतीजवळच्या गदंकी येथे तर १,०२४ अँटेनांचे रडार वरच्या हवेतले वारे मोजते.

आता ट्रान्झिस्टरकडे परत येऊ. झोत वळवणे हे अर्धे काम झाले. बाबांनी जे केले ते नको असलेल्याला गप्प करण्याचे होते. हे काम स्वतःहून करणाऱ्या अँटेनाला अनुकूली, म्हणजे परिस्थितीनुसार जुळवून घेणारा अँटेना म्हणतात. प्रत्येक छोट्या अँटेनाकडून आलेला संदेश किती वाढवायचा आणि किती मागे ठेवायचा, हे संगणक ठरवतो. अमेरिकेत बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी हॉफ यांनी १९६० साली यासाठी उपयोगी पडणारी एक साधी रीत शोधली. चूक किती होते ते पाहायचे, ती थोडी कमी होईल असा छोटा बदल करायचा आणि पुन्हा पाहायचे. १९६७ मध्ये विड्रो आणि सहकाऱ्यांनी ती अँटेनांना लावून दाखवली. ओलिताच्या वेळी आपण दांडाला इथे थोडी माती लावतो, तिथे थोडी काढतो आणि पाणी हव्या त्या सरीत नेतो, तसेच हे.

असा अँटेना प्रत्यक्ष बनवण्याआधी संगणकावर त्याची नक्कल करून पाहतात. मी विद्यार्थ्यांना सोळा अँटेनांची ओळ देते. आपला संदेश समोरून येतो आहे आणि त्याच्या दहा हजार पट जोरदार व्यत्यय बाजूने, असे धरायचे. मुले गणित मांडतात, व्यत्ययाच्या दिशेला बरोबर शून्य येते आणि वर्गात आनंद होतो. मग मी सांगते, प्रत्येक अँटेनाच्या फेजमध्ये पाच अंशांची चूक टाका, कारण कारखान्यातून निघालेली वस्तू अचूक नसते. लगेच ते शून्य भरून येते. त्या दिशेचा सुमारे दोन हजारावा हिस्सा आत शिरतो. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण व्यत्यय मुळात दहा हजार पट होता. म्हणजे आत येणारा व्यत्यय अजूनही आपल्या संदेशाच्या पाचपट उरतो!

इथेच अनुकूली पद्धतीची किंमत कळते. ती कागदावरच्या आदर्श अँटेनावर विसंबत नाही. प्रत्यक्ष आलेल्या संदेशावरून शिकत असल्याने सामानातल्या चुकाही ती सांभाळून घेते. पण तिचाही एक धोका आहे. आपला माणूस कुठल्या दिशेला आहे, हे तिला एक-दोन अंश चुकीचे सांगितले, तर ती आपल्याच माणसाला व्यत्यय समजून गप्प करते, आणि त्याचा आवाज जितका मोठा, तितकी जास्त. यावर उपाय गमतीचा आहे. हिशेबात थोडा कृत्रिम गोंगाट मुद्दाम मिसळतात. त्यामुळे यंत्र अतिचिकित्सा सोडते आणि थोडीफार चूक पोटात घालते. हे सगळे नकलेत कळले तर एक संध्याकाळ वाया जाते. यंत्र उभारल्यावर कळले तर कोट्यवधी रुपये, आणि वादळाच्या दिवशी कळले तर त्याहून अधिक.

भारतात ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी सेवा सुरू झाली. तिच्या मनोऱ्यांवर ज्या चपट्या पेट्या दिसतात, त्यांतल्या अनेकांत असे छोटे अँटेना ओळींनी बसवलेले असतात. तुमच्या मोबाइलकडे झोत वळवायचा आणि शेजारच्याचा गोंधळ टाळायचा, हे त्यांचे काम. विमाने, क्षेपणास्त्रे यांच्यासाठी वाढलेली ही विद्या आता आपल्या गावच्या टॉवरवर येऊन बसली आहे.

ती ढगांच्या पहाऱ्यालाही अधिकाधिक लागावी, असे मला वाटते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवू. झोत कितीही चपळ झाला तरी जमिनीचा गोलावा बदलत नाही. उमरखेडच्या वावरावरचा खालचा ढग पाहायचा तर डोळा उमरखेडच्या जवळच हवा. चपळ आणि जवळ, या दोन्ही गोष्टी जमल्या, तर आभाळ कडाडण्याआधी बायांना गावाकडे परतायला वेळ मिळेल. तोपर्यंत गडगडाट ऐकू आला की झाड सोडा आणि पक्क्या घराचा आसरा घ्या. एवढी खबर तर आपल्या कानांनाही मिळते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)