प्रार्थना सुचत नाही तेव्हा

सतरंजीवर सगळे गोलाकार बसलेले असतात. गीत झालं, शास्त्रवाचन झालं, आता प्रत्येकाने दोन शब्द प्रार्थना करायची. शेजारचा 'आमेन' म्हणतो, पाळी आपल्यावर येते आणि तोंडातून शब्द फुटत नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलंय, पोराची नोकरी सुटलीय. सांगायचं पुष्कळ असतं, पण 'हे प्रभू'च्या पुढे काही सुचत नाही. मग सवयीची चार वाक्यं म्हणून माणूस सुटका करून घेतो आणि घरी जाताना एकच गोष्ट मनाला खात राहते: माझा विश्वासच आटला की काय?

अशा माणसाला ठामपणे सांगायला हवं की शब्द आटले म्हणून विश्वास आटत नाही. या अडचणीवर ख्रिस्ती परंपरेने शतकानुशतकं वाटा काढून ठेवल्या आहेत. आपल्याकडे मात्र त्यातली एकच जास्त रुळली.

ही एकच वाट का रुळली?

वाशिममधल्या ख्रिस्ती जीवनावर चर्च ऑफ द नाझरीनचा ठसा आहे. १९०८ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात पायलट पॉइंट इथे आकाराला आलेला हा पंथ 'पवित्रता चळवळी'तून निघाला. छापील प्रार्थनेपेक्षा अंतःकरणातून, आयत्या वेळी आलेल्या शब्दांना तिथे मान. त्याच सुमारास, १९०५ साली, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाची लाट आली आणि शेकडो मुली-बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. ज्यांना घरात तोंड उघडायची मुभा नव्हती, त्या थेट देवाशी बोलू लागल्या. या रीतीचं हे ऋण फार मोठं आहे. पण प्रार्थना म्हणजे स्वतःचे शब्द, असंच मनात बसलं की शब्द थांबताच माणसाला प्रार्थनाही थांबल्यासारखी वाटते.

उसने शब्द

स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं अशाच वेळी कामी येतात. त्यातली कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचं. त्यात स्तोत्रकर्ता सुरुवातीलाच पुनःपुन्हा देवाला जाब विचारतो, की हे कुठवर चालायचं. अठ्ठ्याऐंशीवं त्याहून कठोर आहे. त्यात शेवटीसुद्धा दिलासा नाही, ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी गाळलं नाही. खुद्द येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचे शब्द तोंडी घेतले. ज्याला स्वतःचं वाक्य जुळत नाही, त्याने रोज एक स्तोत्र सावकाश, मोठ्याने वाचावं. तीही पूर्ण प्रार्थनाच आहे.

तेवढंही झेपत नसेल तर पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांची एक रीत आहे. येशूचं नाव आणि दयेची याचना एवढंच एक छोटं वाक्य श्वासाबरोबर पुनःपुन्हा म्हणायचं. नामस्मरण ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडलंय, त्या वऱ्हाडातल्या माणसाला हे परकं वाटू नये.

सुरांचा आधार

मराठी ख्रिस्ती माणसाकडे आणखी एक ठेवा आहे. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरकडच्या रेल्वेप्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली, कीर्तनात आणली. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केलं. टिळकांची गीतं आजही मराठी उपासनेत गायली जातात. चाल ओठांवर असते, मन नंतर सावकाश मागून येतं. सकाळी चूल पेटवताना गुणगुणलेलं एक कडवं देवाकडे कमी प्रतीचं ठरत नाही.

हातांची प्रार्थना

रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे नाव वाशिमकरांना सांगायला नको. मिशनरी डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या, १९३८च्या सुमारास हे रुग्णालय उभं राहिलं आणि पुढे त्यांची जवळपास चार दशकं इथल्या सेवेत गेली. रात्रपाळीच्या परिचारिकेला गुडघे टेकून बसायला सवड कुठली? पण रुग्णाचं अंग पुसताना, जखमेवरची पट्टी बदलताना, सलाईनचा थेंब मोजताना त्या माणसाचं नाव मनात घेतलं, तर ते काम देवापुढे ठेवलेलं काम होतं. आजारी सासूला भरवणाऱ्या सुनेलाही हेच लागू आहे.

दुसऱ्यांचा विश्वास

मार्काच्या शुभवर्तमानात चौघांनी एका पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून येशूपुढे सोडलं. तो माणूस काही मागतो असं तिथे लिहिलेलं नाही. येशूने पाहिला तो त्याला आणणाऱ्यांचा विश्वास. म्हणून पाळकांना किंवा जवळच्या बहिणीला 'माझ्याकडून होत नाहीये, तुम्ही माझ्यासाठी करा' असं सांगण्यात कमीपणा नाही. असा कोरडेपणा थोरामोठ्यांनाही चुकत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी त्यांची सेवाही थांबली नाही आणि प्रार्थनाही.

आधी भाकरी, मग बोलणं

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर झालं. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जीव नकोसा झाला, तर तो विश्वासाचा कमकुवतपणा समजून लपवू नये. डॉक्टरांकडे जावं. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. कर्जाचे आणि नापिकीचे घाव सोसलेल्या आपल्या भागात हे मंडळीतून उघडपणे सांगितलं गेलं पाहिजे.

मंडळीला एक विनंती आहे. पुढच्या प्रार्थनासभेत पाळी फिरेल तेव्हा 'ज्याला बोलायचं नाही त्याने एक स्तोत्र वाचावं, किंवा नुसतं आमेन म्हणावं' असं सुरुवातीलाच सांगून टाका. पौलाने रोमकरांस लिहिलं आहे की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. हे आपण खरं मानत असू, तर सतरंजीवर गप्प बसलेल्या माणसालाही प्रार्थना करणाऱ्यांतच धरायला हवं.