वीज आली, पण पंप सुरू होईना

तुर्भ्याच्या एमआयडीसीत मी पाण्याच्या टाक्यांचे पंप-कंट्रोलर दुरुस्त करतो. सोसायट्यांची एक तक्रार ठरलेली: वीज जाऊन आली की कंट्रोलर कधी चालू होतो, कधी ढिम्म; रिसेटचं बटण दाबलं की सुरळीत. लोक लगेच चिप बदलायला सांगतात. चिप बहुधा निर्दोष असते.

एटीमेगा३२८पी घ्या. १६ मेगाहर्ट्झवर तिला सुमारे ३.८ व्होल्ट तरी हवेत. सप्लाय सावकाश चढला, किंवा वीज क्षणभरच गेल्याने कपॅसिटरमध्ये थोडा व्होल्टेज उरला, तर ती अपुऱ्या व्होल्टेजवरच प्रोग्राम सुरू करते आणि भरकटते. मल्टिमीटर शांतपणे ५ व्होल्ट दाखवतो. तो क्षण पकडायला ऑसिलोस्कोपच लागतो. सप्लाय आणि रिसेट, दोन्ही पिन एकाच वेळी बघाव्यात.

उपाय स्वस्त आहे. व्होल्टेज ठरावीक पातळीला येईपर्यंत चिपला रोखून धरणारा ब्राउन-आउट डिटेक्टर तिच्यातच असतो. पण नवी चिप येते ती तो बंद ठेवूनच, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. तो ४.३ व्होल्टवर लावावा, रिसेटला १० किलोओहमचा पुल-अप आणि सप्लायच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर द्यावेत.

चिप बदलण्याआधी तंत्रज्ञाला ही सेटिंग जरूर तपासायला सांगा.