‘खार्चार’ : जागतिकीकरण आणि स्पॅनिश कादंबरीतील स्वत्व

स्पॅनिश भाषेतील अलीकडच्या कथात्म वाङ्मयाची चर्चा करताना जागतिकीकरणाने तेथील लेखकांचे स्वत्व लोपले की नव्याने घडले, असा प्रश्न बहुधा उपस्थित केला जातो. त्याचे उत्तर कथेच्या स्थळात आणि पात्रांच्या राहणीत शोधण्याचा प्रघात आहे. ते आधी भाषेत शोधावे, असे येथे सुचवावयाचे आहे.

या वादाला १९९६ साली तोंड फुटले. त्या वर्षी चिलीचे आल्बेर्तो फुगेत आणि सेर्खिओ गोमेस यांनी संपादित केलेला ‘मॅकओंडो’ हा कथासंग्रह बार्सेलोनात प्रसिद्ध झाला. गार्सिया मार्केस यांचे माकोंदो हे कल्पित गाव आणि मॅकडोनल्ड्सची उपाहारगृहे यांच्या संयोगाची थट्टा या नावात आहे. प्रस्तावनेत एक हकीकत येते. अमेरिकेतील एका नियतकालिकाच्या संपादकाने लॅटिन अमेरिकी तरुणांच्या कथा परत केल्या; कारण त्यांत अद्भुताचा अंश नव्हता, त्या कोणत्याही संपन्न देशात लिहिल्या जाण्यासारख्या होत्या! संपादकद्वयाचा रोष रास्तच होय. तथापि त्यांनी खेड्याच्या जागी महानगर आणले, एवढेच. देखाव्यावरून स्वत्व ओळखण्याची रीत त्यांच्याकडूनही सुटली नाही.

मेक्सिकोचे युरी एर्रेरा यांची वाट निराळी आहे. ‘जगाच्या अंतापूर्वीची चिन्हे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेली त्यांची छोटी कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका माकिना गावात टेलिफोनच्या जोडण्या करून देते. मूळ रहिवाशांची भाषा, स्पॅनिश आणि इंग्रजी या तिन्ही तिला अवगत आहेत. आईचा निरोप घेऊन ती सीमेपलीकडे गेलेल्या भावाच्या शोधार्थ निघते. कादंबरीची नऊ प्रकरणे मेक्सिका लोकांच्या पुराणकथेतील मृतांच्या प्रवासाच्या टप्प्यांशी जुळतात. ही गोष्ट समीक्षकांनी पुष्कळ सांगितली आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

भाषाभ्यासकाचे लक्ष वेधते ते एक क्रियापद. ‘निघणे’, ‘बाहेर पडणे’ या अर्थी एर्रेरा वारंवार ‘खार्चार’ असे म्हणतात. नित्याच्या स्पॅनिशमध्ये हे क्रियापद नाही. ते ‘खार्चा’ या नामापासून घडविलेले आहे. मध्ययुगीन अंदालुसियातील अरबी आणि हिब्रू कवींच्या ‘मुवश्शह’ नामक रचनेचे अखेरचे चरण म्हणजे खार्चा. अभिजात भाषेतील कविता या चरणांत एकदम बोलीत उतरते, आणि पुष्कळदा तेथे स्त्रीचा स्वर ऐकू येतो. हिब्रू रचनांतील असे काही चरण प्राचीन रोमान्स बोलीत आहेत, हे सॅम्युएल स्टर्न यांनी १९४८ साली दाखवून दिले. मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘निर्गमन’ असा आहे.

सीमेवरील कथेत अशा क्रियेसाठी इंग्रजीमिश्रित शब्द सहज चालला असता. एर्रेरा मात्र स्वभाषेच्याच पोटातील जुनी सीमा उकरून काढतात. ज्या स्पॅनिशचे स्वत्व इंग्रजीपासून जपावयाचे, ती स्वतःच मूळची शुद्ध नव्हती, हे त्यातून न सांगताच उमगते. कथानकात स्वत्वाची अदलाबदल याहून कठोरपणे होते. भाऊ एका अमेरिकन कुटुंबातील मुलाचे नाव व कागदपत्रे घेऊन त्याच्याऐवजी सैन्यात गेलेला असतो. शेवटी माकिनाच्याही हाती नव्या नावाचे कागद पडतात.

२०१५ सालच्या इंग्रजी अनुवादात लिसा डिलमन यांनी ‘पद्य’ या अर्थाच्या नामाचेच क्रियापद केले. मराठी अनुवादकाची अडचण मौजेची आहे. त्याच अरबी धातूपासून आलेले ‘खर्च’ आणि ‘खारीज’ हे शब्द फारसीच्या द्वारे आपल्याकडे केव्हाच रुळले आहेत. पण ‘खर्चा’त पैशाचेच बाहेर जाणे उरले, आणि ‘खारीज’ला कचेरीचा वास येतो. माकिनाच्या हाती पडलेले कागद पाहता तो वास अगदीच अस्थानी ठरेल, असे मात्र नाही.