चढ दम काढतो, उतार मांड्या

माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना लागलेली धाप वर जाऊन पाच मिनिटं टेकलं की ओसरते. वसुली होते ती दुसऱ्या दिवशी. सकाळी उठावं तर मांड्या अशा आवळलेल्या की उकिडवं बसवत नाही. आपण दोष देतो चढाला, पण हे दुखणं उतारानं दिलेलं असतं.

चढताना मांडीचा स्नायू आखडतो आणि अंग वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जाता जाताच त्याला अंगाचा भार रोखून धरायचा असतो, ब्रेक लावल्यासारखा. या ओढाताणीत स्नायूतंतूंना बारीक बारीक इजा होते, त्यांच्यातलं क्रिएटिन कायनेज नावाचं विकर रक्तात उतरतं, आणि एक-दोन दिवसांनी सूज नि ठणका जाणवतो. माहूरच्या पायऱ्यांचं हे, तर सलग चार-पाच दिवस डोंगरात धावणाऱ्याचं काय होत असेल?

इटलीतल्या आओस्ता खोऱ्यात 2010 पासून ‘तोर दे जेआँ’ नावाची शर्यत होते. अंतर 330 किलोमीटर, मुदत 150 तास. चढ सगळा मिळून 24,000 मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट पावणेतीन वेळा; आणि सुरुवात-शेवट एकाच गावी असल्यानं उतारही तेवढाच. या धावपटूंच्या पायांची ताकद शर्यतीआधी आणि नंतर मोजून 2013 मध्ये संशोधकांनी निष्कर्ष मांडले. मांडीची ताकद सुमारे एक चतुर्थांशानं घटली होती. माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या, जवळपास निम्म्या अंतराच्या शर्यतीत मात्र ती आधीच्या अभ्यासात एक तृतीयांशाहून जास्त घटलेली आढळली होती. अंतर दुप्पट आणि इजा कमी! स्नायूंची हानी आणि दाहसुद्धा लांबच्या शर्यतीतच कमी होता.

कारण साधं आहे. पुढे पाच दिवस काढायचे आहेत हे कळलं की माणूस पहिल्या तासापासून हात राखून चालतो. त्यात झोप इतकी कमी मिळते की वेग आपोआप पडतो, आणि पडलेला वेगच स्नायूंना वाचवतो. 150 तासांत जेमतेम पोहोचणाऱ्याचा सरासरी वेग, विश्रांती धरून, तासाला 2.2 किलोमीटर पडतो. आपल्याकडच्या दिंडीतली म्हातारी माणसंसुद्धा चालताना याहून वेगानं चालतात. शेगावची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई करत महिनाभरानं पंढरपूरला पोहोचते, तीही रोजचा टप्पा ठरवून आणि मुक्काम पाळून. वारकऱ्याला हे शास्त्र कुणी शिकवलं नाही; पिढ्यान्‌पिढ्या चालून ते पायांत उतरलं आहे.

पाय निभावले तरी पोट अडतं. 2015 मध्ये काही धावपटू अमेरिका आडवी ओलांडत होते, 140 दिवस, आठवड्याला सुमारे सहा मॅरेथॉन. संशोधक हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजला आणि 2019 मध्ये अनुमान मांडलं की महिनोन्‌महिने चालणाऱ्या कष्टात माणूस विश्रांतीच्या खर्चाच्या सुमारे अडीचपटच ऊर्जा वापरू शकतो. त्यांच्या मते ही मर्यादा आतड्यांची आहे, कारण त्याहून जास्त अन्न ती शोषून घेऊ शकत नाहीत. विश्रांतीचा खर्च 1,600 कॅलरी धरला तर अडीचपट झाल्या 4,000. ज्वारीची भाकरी दीडशे कॅलरीची धरा. दिवसाला सव्वीसेक भाकऱ्या! चार-पाच दिवसांच्या शर्यतीत खर्च याच्याही वर जातो आणि तूट अंगातली चरबी भरून काढते. शिवाय धावताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, म्हणून मळमळतं. यावर उपाय एकच, सरावातच चालता-चालता खायची सवय लावायची. गूळ-शेंगदाणे, धपाटे, जे पचतं ते.

पोटानंतर अडते ती हवा. लडाखमधली ‘ला अल्ट्रा’ ही शर्यत 2010 मध्ये 222 किलोमीटरनं सुरू झाली आणि पुढे 555 किलोमीटरपर्यंत वाढली. पुण्याच्या आशिष कासोदेकर यांनी 2019 मध्ये ते 555 किलोमीटर पूर्ण केले. वाट बहुतेक डांबरी, पण खारदुंग ला, वारी ला अशा 5,300 मीटरच्या आसपासच्या खिंडींतून जाणारी. (वारी हे नाव तिथेही भेटावं, हा योगायोग मला फार आवडतो.) तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळ येतो. प्राणवायूचं प्रमाण तेच, 21 टक्के, पण दर श्वासाला हाती लागतो निम्माच. लातूर सुमारे 630 मीटरवर, नांदेड 360 वर. इथून थेट जाऊन तिथे धावणं जिवावर बेततं, फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू शकतं. रक्त नव्या हवेला सरावायला आठवडे लागतात.

आपल्या बाजूनं एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऊन. दहा ते चौदा दिवस उन्हात बेतानं सराव केला की रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. ही कमाई सोसवेल अशा उन्हात करायची, मे महिन्याच्या भर दुपारी नाही. आणि तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होऊन मेंदूला सूज येते. दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये संशोधक टिम नोक्स यांनी 1985 मध्येच हे दाखवून दिलं.

आपल्याकडे आल्प्ससारखे तासन्‌तास चालणारे उतार नाहीत. पण उदगीरजवळचं हत्तीबेट आहे, माहूरचे डोंगर आहेत, बालाघाटच्या टेकड्या आहेत. एकच उतार दहादा उतरला तरी स्नायू शिकतात. उताराच्या एका सरावानंतर काही आठवडे तशीच इजा कमी होते, हे प्रयोगांतून सिद्ध झालं आहे. तेव्हा नांदेड-लातूरच्या नव्या धावपटूंनो, आधी उतार गिरवा. लांब धावताना वेदनाशामक गोळ्या खाऊ नका, घामानं सुकलेल्या मूत्रपिंडांना त्या सोसत नाहीत. आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झालेली दिसली तर समजा, तुटलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडात चालला आहे. धाव तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.