पुस्तकातला तो चौकोन वर्गात काय करतो?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आजच्या भागाचा हा लिखित अवतार.

घरात कुणी शाळेत जाणारं असेल तर त्याचं बालभारतीचं पुस्तक उघडा. आत कुठेतरी काळा-पांढरा चौकोन दिसेल. क्यूआर कोड. टपरीवर चहा प्यायल्यावर आपण स्कॅन करतो तोच प्रकार, फक्त इथे पैसे जात नाहीत, व्हिडिओ येतो.

हे आलं कुठून? सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. २००९ साली रणजितसिंह डिसले तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून गेले. त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि त्यामागे कवितांचे ऑडिओ, धड्यांचे व्हिडिओ, गोष्टी ठेवल्या. २०१७ मध्ये राज्य सरकारने हीच कल्पना सगळ्या इयत्तांसाठी जाहीर केली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्राचं दीक्षा हे व्यासपीठ सुरू झालं. २०२० मध्ये डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या ९ अंतिम स्पर्धकांत वाटली. बातम्या इथेच थांबल्या. मला इंटरेस्ट पुढच्या भागात आहे.

त्या चौकोनात व्हिडिओ नसतो. असतो फक्त पत्ता. दीक्षाच्या कोडखाली ६ अक्षरांचा एक छोटा कोड छापलेला असतो, कॅमेरा खराब असेल तर तो ॲपमध्ये टाईप करायचा. पुस्तक एकदाच छापलं जातं, पण त्या पत्त्यावरचा व्हिडिओ नंतर बदलता येतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंडायरेक्शन म्हणतो. साध्या मराठीत, घर तेच, भाडेकरू वेगळा.

आणि पोरांच्या दप्तरात पुस्तकाची काय अवस्था होते ते तुम्हाला माहितीये. तरी कोड चालतो, कारण १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो बनवला तेव्हाच त्यात जादा माहिती भरायची सोय ठेवली. सगळ्यात वरच्या लेव्हलला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून हिशेब लावता येतो. फक्त कोपऱ्यांतले ३ मोठे चौकोन सांभाळा. कॅमेरा आधी तेच शोधतो.

आता खरी अडचण. पत्ता आहे म्हणजे तिथे जायला नेट लागणार, आणि त्याआधी फोन लागणार. आमच्या टिटवाळ्यात कित्येक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो पहाटेच्या लोकलने कुणाच्या तरी खिशात मुंबईला जातो. रात्री परत येतो तेव्हा चार्जिंग १० टक्के आणि पोरगं झोपलेलं. म्हणून 'घरी स्कॅन करून बघा' असा गृहपाठ दिला की वर्गाचे सरळ दोन भाग पडतात. माझं स्पष्ट मत आहे की हा चौकोन वर्गातच उघडायला हवा, सगळ्यांसमोर, एकाच पडद्यावर.

हे जमतं का? टिटवाळ्याहून कसाऱ्याची गाडी धरली की खडवली, वासिंद आणि मग आसनगाव. हा शहापूर तालुका. याच तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी पाड्यावरची शाळा डिजिटल करून दाखवली आणि राज्यभरातून शिक्षक ती बघायला आले. तेव्हा 'हे फक्त शहरात होतं' हे कारण बाद.

पण पडदा लावला म्हणजे झालं असंही नाही बरं का. अमेरिकेतल्या रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि आवाज एकत्र आले की माणूस कसं शिकतो यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातल्या दोन गोष्टी बाईंच्या आणि सरांच्या थेट कामाच्या आहेत. एक, हलतं चित्र आणि आवाज चालू असताना तेच शब्द खाली लिहून दाखवले तर बऱ्याचदा उलट गोंधळ वाढतो, डोळ्यांना दोन कामं लागतात. दोन, व्हिडिओ तुकड्यांत दाखवला तर जास्त समजतं.

म्हणजे जलचक्राचा व्हिडिओ असेल तर काळू नदीवरून वाफ वर गेली, इथे पॉज. 'आता पुढे काय होईल?' वर्गाला बोलू द्यायचं. कुणी म्हणेल ढग, कुणी म्हणेल देवबाप्पा. मग प्ले. पाच मिनिटांच्या व्हिडिओला वीस मिनिटं लागली तर समजा तास चांगला चालला. सलग लावून दिलेला व्हिडिओ म्हणजे बाईंना वह्या तपासायला मिळालेला वेळ, दुसरं काही नाही. (वह्यांचा ढीग बघितलाय, त्यामुळे दोष देत नाही.)

नेटचं काय? आदल्या रात्री दीक्षा ॲपमध्ये व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचा, मग तो नेट नसतानाही चालतो. आवाजासाठी मात्र वेगळा स्पीकर हवाच. चाळीस पोरं, वर फिरणारा पंखा आणि बाहेरून जाणारी रिक्षा, यात फोनचा स्पीकर मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

तुमच्या जवळच्या शाळेत एखादे सर किंवा ताई याच डाउनलोडमध्ये अडकले असतील. शनिवारी तासभर जाऊन सेटिंग करून देता येतं का बघा. आणि एचडीएमआय केबल सोबत न्या, शाळेतली कुठे ठेवलीय ते कुणालाच माहीत नसतं.